पहिली निवड

योहान आर्न्ट ब्राटेंगने स्टाइनव्हेर बेटाच्या खडकावर कॉड वाळवायचे पहिले लाकडी मांडव उभे केले. त्याचा मुलगा हागबार्ट याने बर्गनच्या दलालांना बाजूला सारून तोच वाळलेला मासा थेट जेनोव्हाच्या बंदरात उतरवला. हागबार्टचा मुलगा आस्लाक याने एक आग, दोन मंद्या आणि सख्ख्या भावाची भागीदारी एवढे सगळे पचवून पेढी राखली. आस्लाकला मुलगा नव्हता. त्याची एकुलती मुलगी गुनव्हॉर हिने वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत पेढीचा शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला होता, आणि तो दुसऱ्या कोणाला द्यावा असे तिला एकदाही वाटले नव्हते.

पेढीचा एक रिवाज हागबार्टपासून चालत आला होता. जूनमध्ये मासा मांडवांवरून उतरे, कोठारात येई, पारखी त्याच्या वीसएक प्रती लावी. त्यानंतर पहिल्या प्रतीतली पहिली निवड जेनोव्हाच्या ओनेतो घराण्याची. ओनेतोंपैकी कोणीतरी त्या आठवड्यात जातीने येई, ब्राटेंगांच्या माडीवर मुक्काम करी, आपला आठ टन मासा हाताने निवडून बाजूला काढी, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी पिता पिता भाव ठरे. निवड आधी, भाव मागाहून. लेखी काहीच नाही. बेटांवरच्या इतर पेढ्या याला वेडेपणा म्हणत. आस्लाक ते नाकारत नसे. "वेडेपणाच आहे," तो म्हणे, "पण नफ्यातला."

नव्वद साली समुद्रात कॉड इतका कमी झाला की सरकारने पकडीचा कोटा आवळला, निम्मे मांडव उघडे राहिले आणि बँकेने हंगामाचे कर्ज नाकारले. आस्लाक कोणाकडेही शब्द टाकायला गेला नाही. त्या जूनमध्ये एमानुएले ओनेतो नेहमीप्रमाणे आला, त्याने उघडे मांडव पाहिले, काही न विचारता परत गेला, आणि बाराव्या दिवशी स्टाइनव्हेरच्या खात्यात चाळीस लाख क्रोन जमा झाले. बंदरामागचे आपल्या आईचे घर त्याने त्यासाठी विकले होते, हे ब्राटेंगांना दोन वर्षांनी, तेही दुसऱ्याच कोणाकडून कळले.

आस्लाकने कागद करण्याचा हट्ट धरला. छत्तीस वर्षांची गुनव्हॉर पाळण्यातल्या मुलाला झोका देत शेजारी बसली होती आणि एमानुएलेचा फोनवरचा मोठा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"व्याज किती लिहू?"

"काही नको."

"मुदत तरी सांग."

"लिही, की पहिली निवड आमच्याकडे येते तोवर एक क्रोनही परत करायचा नाही. ज्या वर्षी ती थांबेल त्या वर्षी सगळे एकदम. आणि आस्लाक, ते पैसे मला कधीच परत मिळू नयेत, एवढं मात्र सांभाळ."

तसा कागद झाला. दोन प्रती, दोन ओळी, दोन सह्या. पुढे आस्लाक गेला, एमानुएले गेला. एकाच्या जागी गुनव्हॉर बसली आणि दुसऱ्याच्या जागी त्याची मुलगी ओर्नेला. चौतीस वर्षे पहिली निवड जेनोव्हाला जात राहिली.

पाळण्यातले ते मूल म्हणजे सिंद्रे. बर्गनच्या व्यापारशाळेत तो अर्थशास्त्र शिकला, सात वर्षे रॉटरडॅमला मासळीच्याच व्यापारात राहिला आणि पेढीचा कारभार पाहायला परत आला. तो मूर्ख असता, किंवा लोभी असता, तर गुनव्हॉरचे काम सोपे झाले असते. तो दोन्हीही नव्हता.

फेब्रुवारीत, पहिल्या होड्या लागल्या त्या आठवड्यात, तो दुपारी तिच्या स्वयंपाकघरात आला. टेबलावर उकडलेला ताजा कॉड, त्याचे काळीज आणि गाभोळी वाफाळत होती. त्याने ताट बाजूला सरकवून कागद पसरले.

"आई, आधी हे आकडे बघ."

"आकडे गार होत नाहीत, गाभोळी होते. बस आणि जेव."

तो जेवला. पण बोलत बोलत जेवला.

"बँकेचं उत्तर आलं. विक्रीचा लेखी करार दाखवल्याशिवाय यंदा कर्ज नाही."

"क्रोन एवढा घसरलाय, युरोवाल्यांना आपला मासा स्वस्त पडतोय. बँकेला आणखी काय हवंय?" गुनव्हॉर म्हणाली. बापाने तिला एवढेच अर्थशास्त्र शिकवले होते, आणि पन्नास वर्षे ते पुरले होते.

"सुका मासा स्वस्त पडतो, तसा ओलाही पडतो ना! धक्क्यावर बर्फाचे ट्रक बघितलेस? डेन्मार्कचे, पोलंडचे. त्यांच्या खिशात युरो. क्रोन जेवढा खाली, तेवढे जास्त क्रोन ते होडीवाल्याच्या हातावर ठेवतात, आणि आजच्या आज. त्यात यंदाचा कोटा तिसऱ्या हिश्श्याने कमी. होडीवाला त्यांना सोडून आपल्याला का देईल? आजोबांचा फोटो बघून?"

"तुझ्या आजोबांचा फोटो बघून पुष्कळांनी दिलाय."

"त्यांच्या मुलांना फोटो नको, आई. हप्ते आहेत त्यांना होडीचे."

गुनव्हॉरने त्याला आणखी एक बटाटा वाढला. वाद हरायला लागले की ती वाढत असे.

"पाच किलो ओला मासा टांगला की वाळून एक किलो हाती येतो," सिंद्रे म्हणाला. "तो वाळायचा, मुरायचा, विकायचा, म्हणजे वर्ष गेलं. वर्षभर आपला पैसा दांड्यावर लटकलेला. तोच पैसा ओल्या माशात घातला तर पंधरवड्यात सुटतो. टांगण्याचा खरा खर्च मजुरी नाही, लाकूड-दोरखंड नाही. टांगला नसता तर जे मिळालं असतं, ते. ते आपण कधी मोजलंच नाही."

"मग मांडव ठेवायचे तरी कशाला?"

"बँकेने हेच विचारलंय."

सिंद्रेने शेवटचा कागद पुढे केला. मिलानच्या एका कंपनीचे पत्र होते. सुका मासा भिजवून, तुकडे करून, चकचकीत पाकिटांत घालून ती मोठ्या दुकानांना विकत असे. चालू भावापेक्षा तीस टक्के जास्त, पाच वर्षांचा करार, पैसे युरोत, पहिल्या वर्षाचे चाळीस टक्के सहीच्या दिवशीच. अट एकच होती: पहिल्या प्रतीची निवड पूर्णपणे त्यांची. एक गठ्ठाही बाहेर जायचा नाही.

"आणि ओर्नेला?"

"ओर्नेला किती वाढवून देईल?"

"दहा टक्के देईल. ओढाताण करून बारा."

"कारण तिची गिऱ्हाइकं म्हणजे गल्लीतल्या खाणावळी आणि पेन्शनवर जगणाऱ्या आज्या. भाव एका रेषेपलीकडे गेला की त्या निमूट कोंबडी घेऊन घरी जातात. मिलानवाल्यांचं गिऱ्हाईक पाकिटावरचं चित्र बघतं. मी काय करू? ओर्नेला मलाही आवडते. लहानपणी तिनेच मला पोहायला शिकवलं. पण आपण तिला दर वर्षी काय देतो ठाऊक आहे? आधी निवड, मग भाव. भाव पडला की ती कमी देते, चढला की आपण लाजेने मागत नाही. असल्या हक्काला बाजारात किंमत पडते, आई. आपण तो कॉफीबरोबर फुकट वाटतोय."

"चाळीस लाखांचा कागद आहे."

"तोही धरलाय." त्याने पान उलटले. "चौतीस वर्षं, बिनव्याजी. महागाई धरली तर निम्म्याहून जास्त कर्ज आपोआप विरून गेलंय. इतकं स्वस्त कर्ज या किनाऱ्यावर कोणालाच मिळालं नसेल. देऊन टाकू. एक ओझं कमी."

"काटे बघून खा," गुनव्हॉर म्हणाली, "आणि आता गप्प बस."

पुढचे दहा दिवस ती स्वतः धक्क्यावर उभी राहिली. जे होडीवाले तिच्या बापाच्या मांडवांखाली लहानाचे मोठे झाले होते, त्यांना तिने नावाने हाका मारल्या. ते टोप्या काढून जवळ आले, तिच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मासा ट्रकात उतरवला. एकाने तर तिच्यासाठी दोन मोठे कॉड बाजूला काढून भेट म्हणून दिले. ते हातात घेऊन घरी येताना तिला जे वाटले ते तिने पुढे कोणालाच सांगितले नाही. कोठारात आणि मांडवांवर मिळून बेचाळीस माणसे कामाला होती. मार्चच्या दुसऱ्या दिवशी तिने मिलानच्या करारावर सही केली.

येथवर तिला दोष देता येत नाही, निदान मी देणार नाही. ज्याला बेचाळीस चुली सांभाळायच्या आहेत त्याला हिशेब चुकवून चालत नाही, आणि सिंद्रेचा हिशेब बरोबर होता. दोष त्यानंतरचा आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, ओर्नेलाला फोन करायचा हा गुनव्हॉरचा शिरस्ता. सहीनंतरच्या रविवारी तिने फोन केला, हवा कशी आहे ते सांगितले आणि ओर्नेलाच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. एप्रिलमध्ये पुन्हा गुडघा. मेमध्ये गुडघा आणि जेनोव्हातला उन्हाळा, जूनमध्ये गुडघा आणि बोटीची वेळ. प्रत्येक वेळी ते वाक्य तिच्या जिभेवर येई आणि प्रत्येक वेळी तिला वाटे, अजून वेळ आहे, काहीतरी वाट निघेल. आयुष्यभर आज्ञा देणाऱ्या माणसाला क्षमा मागण्याची सवय नसते. तो वाट शोधतो.

"सांगितलंस का तिला?" सिंद्रेने दोनदा विचारले.

"माझ्या माणसांशी काय बोलायचं ते मला शिकवू नकोस."

आणि वाट तिला सापडली, किंवा सापडली असे वाटले.

जूनच्या मध्यावर मासा कोठारात आला. क्वचित साधतो तसा हंगाम साधला होता. ना फार थंडी, ना उशिराचा पाऊस. पेढीचा पारखी हिल्मार चाळीस वर्षांच्या जुन्या टेबलाशी उभा राहून एकेक मासा उचलत होता. मानेकडच्या भोकात नाक घालून वास घेई, अंगठा पोटावरून फिरवी, उजेडाकडे धरी, आणि एक शब्द बोले. त्या शब्दाप्रमाणे मासा ढिगात जाई. सगळ्यांत वरच्या प्रतीचे नाव राग्नो. पारख्याचा शब्द मालकाने बदलायचा नाही, हा बेटांवरचा नियम. आस्लाकसारख्या संतापी माणसानेही तो कधी मोडला नव्हता.

ओर्नेला येण्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कोठारात दुसरे कोणी नसताना गुनव्हॉर टेबलाशी आली.

"हिल्मार, यंदा राग्नो किती निघेल?"

"तीस टनांच्या वर. तुझ्या वडिलांच्या वेळी एकदाच निघाला होता एवढा."

"त्यातले आठ टन एक पायरी खाली म्हण."

हिल्मारने हातातला मासा खाली ठेवला.

"म्हणजे?"

"दुसरी प्रत म्हण. दुसरी प्रत मिलानच्या करारात येत नाही. ती मी ओर्नेलाला देईन, तिच्या भावात. मासा तोच, हात तोच, फक्त शब्द वेगळा. कोणाचं काही बिघडत नाही."

"मिलानवाल्याचं बिघडतं."

"त्याला काय कळतंय त्यातलं!"

"तेवढ्यासाठीच तर पारखी ठेवतात, गुनव्हॉर." त्याने हात पुसले. "चाळीस वर्षांत मासा एक पायरी वर चढव म्हणून तिघांनी मला सांगितलं. एकाने तर पैसे काढले होते. तिघांनाही मी याच दारातून हाकललं. खाली उतरव म्हणणारी तू पहिलीच. तुला कसं हाकलू? कोठारच तुझं."

"मी चोरी करायला सांगत नाहीये. एका माणसाला दिलेला शब्द पाळायला सांगतेय."

"आणि दुसऱ्याला मार्चमध्ये दिलास तो?"

गुनव्हॉरने दाराकडे पाहून घेतले.

"ओर्नेलाला माहीत आहे ना, कराराचं?" त्याने हळूच विचारले.

गुनव्हॉरने टेबलावरचा एक मासा उचलला आणि पुन्हा तसाच ठेवला. हिल्मारने तिच्याकडे एकदाच पाहिले. मग त्याने मासा परत उचलला, वास घेतला, अंगठा फिरवला आणि ऐकणारे कोणी नसताना, रोजच्यापेक्षा मोठ्याने म्हणाला, "राग्नो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने ओर्नेला आली. छप्पन्न वर्षांची, ठेंगणी, हसरी बाई. एका हातात काठी, दुसऱ्यात ऑलिव्ह तेलाचा पाच लिटरचा डबा. डबा तिने स्वयंपाकघरात ठेवला, गुनव्हॉरच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि कॉफीसुद्धा न घेता कोठाराकडे निघाली.

"आधी मासा, मावशी! बोटीवर सगळे म्हणत होते, असा हंगाम वीस वर्षांत झाला नाही. मी तर झोपलेच नाही काल."

"जरा बस, मला बोलायचंय."

"बोल की चालता चालता. गुडघ्याबद्दल असेल तर तो ठीक आहे."

कोठारात सिंद्रे होता, हिल्मार होता. राग्नोचे गठ्ठे भिंतीशी रचलेले होते आणि प्रत्येक गठ्ठ्याला मिलानच्या कंपनीची निळी पट्टी बांधलेली होती. ओर्नेला चालता चालता थांबली. तिने एका गठ्ठ्यातला मासा बाहेर न काढताच दोन बोटांनी दाबून पाहिला, हुंगला, आणि मग पट्टीवरचे नाव वाचले.

"हे कोणाचे?"

हिल्मारने टेबलावरून मान वर केली नाही. सिंद्रेने आईकडे पाहिले.

"मिलानच्या कंपनीचे," गुनव्हॉर म्हणाली. "सगळे. पाच वर्षांसाठी."

"सगळे." ओर्नेलाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कधी ठरलं?"

"मार्चमध्ये."

"मार्चच्या पहिल्या रविवारी आपण बोललो होतो."

"हो."

"मी गुडघा दाखवायला जाणार होते. तू विचारलंस, डॉक्टर चांगला आहे ना. एप्रिलमध्येही विचारलंस. मेमध्येही." ती हसली, ते हसू पाहण्यासारखे नव्हते. "माझ्या गुडघ्याची एवढी चौकशी त्या डॉक्टरनेही केली नाही, मावशी."

"ऐकून घे. बँकेने कर्ज अडवलं होतं. ओला मासा ट्रकवाले पळवत होते. करार केला नसता तर यंदा एकही मांडव भरला नसता. तूही दुकान चालवतेस, तुला गणित कळतं."

"चांगलं कळतं." आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती गुनव्हॉरला 'तुम्ही' म्हणाली. "तुम्ही सही केलीत त्याचा मला राग नाही. तुमच्या जागी मीही केली असती. रडले असते, पण केली असती. पण मार्चमध्ये मला एक वाक्य सांगितलं असतंत, तर मी शेजारच्या बेटांवर जाऊन, पाया पडून, कुठून दोन टन, कुठून तीन, असा माझा मासा बांधून ठेवला असता. आज जून आहे. सगळ्यांच्या पहिल्या निवडी गेल्या. चार महिने बाजार कुठे चाललाय ते तुम्हाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. अशा गोष्टीला तुमच्या सिंद्रेच्या पुस्तकात काहीतरी नाव असेल. विचारा त्याला."

नाव होते. सिंद्रेला ते माहीत होते, परीक्षेत त्यावर त्याला सर्वांत जास्त गुण मिळाले होते. तो दाराबाहेर पाहत राहिला.

"दुसऱ्या प्रतीचा मासा यंदा फार चांगला आहे," गुनव्हॉर म्हणाली. "तो घे. मागच्या वर्षीच्या भावात घे. त्याच्याही खाली घे."

"माझ्याकडे येणाऱ्या बायका भिजलेला तुकडा बोटाने दाबून बघतात. त्यांच्या आयांनी शिकवलंय त्यांना. हा मासा त्या पहिल्याच शुक्रवारी ओळखतील. भांडणार नाहीत, काही बोलणार नाहीत. फक्त पुढच्या शुक्रवारी येणार नाहीत."

"मग काय करणार आहेस?"

"कोठीत आहे तो नाताळपर्यंत पुरेल. नाताळात दुकान बंद करणं बरं दिसत नाही, म्हणून सहा जानेवारीचा सण झाला की बंद." तिने हिल्मारकडे वळून हात पुढे केला. हिल्मारने आपला हात आधी विजारीला पुसला आणि मग तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

दाराशी ती पुन्हा थांबली.

"बाबांच्या कागदात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. तसं करा."

माडीवर तिच्यासाठी अंथरलेल्या पलंगाकडे तिने पाहिलेही नाही. दुपारच्या बोटीने ती गेली. सिंद्रे तिची पेटी उचलायला धावला, तर तिने ती काठीच्याच हातात धरून ठेवली आणि लंगडत धक्क्याची फळी एकटीने चढली.

त्या आठवड्यात गुनव्हॉर एकटीच बँकेत जाऊन आली. सोमवारी तिने सिंद्रेला बोलावले.

"ओनेतोंचे पैसे पाठव."

"तयार ठेवलेत. चाळीस लाख."

"ब्याण्णव लाख."

"काय?"

"तूच म्हणाला होतास ना, महागाईत निम्म्याहून जास्त विरून गेलं म्हणून? जे विरलं ते भरून काढ. मी बँकेत विचारून घेतलंय. तेव्हाच्या चाळीस लाखांचे आज ब्याण्णव होतात."

"आई, कागदावर चाळीस आहेत. क्रोनमध्ये आहेत. व्याज नाही असं त्या माणसाने स्वतः सांगितलं होतं. हे बावन्न लाख मिलानच्या आगाऊ रकमेतून जाणार, म्हणजे शरदातल्या पगारांतून. कशासाठी? कायद्याने आपण..."

"तो माणूस हे सांगत होता तेव्हा मी शेजारी बसले होते, आणि तू पाळण्यात दूध ओकत होतास. पाठव म्हणते ना."

त्याने पाठवले. त्या दिवशी गुनव्हॉरला चार महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. मोठी रक्कम हातून सुटली की आपण काहीतरी बोललो आणि समोरच्याने ते ऐकले, असा माणसाला भास होतो. फोन करायचे धैर्य ज्याला झाले नाही त्याला तर फारच होतो. ओर्नेला ते पैसे पाहील, तिला कळेल, कदाचित दुकान उघडे ठेवायची काहीतरी सोय ती त्यातून करील, कदाचित पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आपणहून फोन करील, असे बरेच काही गुनव्हॉरने मनात मांडले. जुलैचा पहिला रविवार आला. ती चर्चमधून येऊन दुपारपर्यंत फोनजवळ विणत बसली, आणि मग विणकाम गुंडाळून ठेवले.

बुधवारी सिंद्रे धावतच वर आला.

"आई, बावन्न लाख परत आले! जेनोव्हाहून. आज सकाळी जमा झालेत." त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा खराखुरा आनंद होता, आणि त्याबद्दल त्याला बोलावे असेही त्याने काही केले नव्हते. "पगारांचा प्रश्न सुटला. पण हा वेडेपणा आहे हं तिचा. दुकान बंद पडतंय, तिने ठेवायला हवे होते. हक्काचे नसले तरी दिले होते ना आपण?"

"व्याज सावकार घेतो," गुनव्हॉर म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही. जा, कामाला लाग."

दुपारच्या टपालाने पाकीट आले. आत पत्र नव्हते. एमानुएले ओनेतोच्या जवळची कागदाची प्रत होती, घड्यांवर पिवळी पडलेली. आस्लाकची तिरपी सही, एमानुएलेची फुगीर सही. दोन्ही सह्यांवरून एक रेघ मारलेली होती. रेघ पट्टी धरून, सरळ ओढली होती. खाली तारीख घालून ओर्नेलाने आपल्या गोल अक्षरात लिहिले होते: चाळीस लाख क्रोन मिळाले. देणे पूर्ण फिटले.